फाटकापर्यंतचे पालक

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात, म्हणजे शहरात ज्याला नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी म्हणतात आणि गावात बालवाडी किंवा अंगणवाडी म्हणतात त्या बालवर्गात, दिवसभर काय घडले आणि त्यातून मूल काय शिकले हे घरी कळवण्याची फारशी गरज नाही, असे मत महाराष्ट्रातील संस्थाचालकांमध्ये, मुख्याध्यापकांमध्ये आणि काही प्रमाणात खुद्द बालशिक्षिकांमध्येही घट्ट रुजलेले आहे. हे मत कागदावर क्वचितच येते, पण वागण्यातून रोज व्यक्त होते. पालकाने मूल सकाळी फाटकावर सोडावे आणि दुपारी फाटकावरूनच न्यावे. मूल रडले नाही, त्याने डबा संपवला, ते पडले-झडले नाही एवढे कळले की पुरे. त्याहून अधिक सांगायला गेले तर पालक ‘लिहायला कधी घेणार’ एवढेच विचारतात. कमी शिकलेल्यांना सांगून उपयोग नसतो आणि जास्त शिकलेल्यांना सांगितले की ते लुडबूड करू लागतात. शिक्षिकेला आधीच उसंत नाही. आणि आता तर व्हॉट्सॲपच्या गटावर रोज फोटो जातातच, मग आणखी काय कळवायचे, असा हा एकूण युक्तिवाद आहे. त्यातील प्रत्येक वाक्य अनुभवाच्या नावाने पुढे केले जाते, म्हणून ते ऐकणाऱ्याला पटतेही. परंतु ही सगळी वाक्ये एकत्र ठेवून पाहिली की त्यांच्या मुळाशी असलेले एकच गृहीतक उघडे पडते: शिकवण्याचे काम वर्गात पूर्ण होते आणि पालकांना सांगणे ही त्यानंतरची, सवड मिळाल्यास करायची बाब आहे. बालवर्गाच्या बाबतीत हे गृहीतक साफ चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत मोजतात ती मुले.

वरच्या इयत्तांमध्ये हे गृहीतक निदान काही अंशी चालून जाते, कारण तिथे शिकण्याचा माग कागदावर उरतो. पाठ्यपुस्तक, वही, चाचणीची उत्तरपत्रिका यांतून वर्गात काय चालले आहे याचा अंदाज घरात बसलेल्या माणसालाही बांधता येतो. बालवर्गातील शिकणे असा माग ठेवत नाही. एका पसरट ताटात चिंचोके, शिंपले, बटणे आणि सागरगोटे मिसळून ठेवलेले आहेत आणि चार वर्षांची मुलगी ते चार वाट्यांमध्ये वेगळे करते आहे, एवढेच दृश्य घेतले तरी हे स्पष्ट होते. सुरुवातीला ती रंगाकडे पाहते आणि एक काळसर तपकिरी बटण चिंचोक्यांच्या वाटीत टाकते. दुसरे तसेच बटण उचलून बोटांत फिरवताना तिला त्याची भोके लागतात, ती थबकते, आधीचे बटण चिंचोक्यांतून शोधून काढते आणि दोन्ही बटणे शेजारच्या वाटीत ठेवते. त्या क्षणी तिने रंग हा गुणधर्म बाजूला सारून आकार आणि घडण हे गुणधर्म निवडलेले असतात, म्हणजे शिक्षणशास्त्राच्या भाषेत वर्गीकरणाचा निकष बदललेला असतो. पुढे पहिलीत ज्या संख्याज्ञानाची एवढी काळजी केली जाते त्याचा पाया याच कृतीत आहे, कारण सारख्या वस्तूंचा गट करता आल्याशिवाय मोजण्याला अर्थच येत नाही. पण वेळ संपली की ताट पुन्हा मिसळले जाते आणि फडताळात जाते. दप्तरातून घरी काहीच जात नाही. संध्याकाळी आई विचारते, ‘आज काय केलेस?’ आणि मुलगी सांगते, ‘खेळले.’

या उत्तरावर बोट ठेवून ‘मूल सांगतेच की घरी’ असेही म्हटले जाते, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा. मूल सांगत नाही, आणि या वयात त्याने आपणहून सगळे सांगावे अशी अपेक्षा करणेच चूक आहे. चार वर्षांच्या मुलाची आठवण मोकळ्या, ढोबळ प्रश्नाने जागी होत नाही. तिला एखादी वस्तू, एखादे नाव, एखादी जागा असा धागा लागतो. कॅथरीन नेल्सन, रॉबिन फिवुश आणि इलेन रीस या मानसशास्त्रज्ञांनी आया आणि लहान मुले घडून गेलेल्या गोष्टींबद्दल एकमेकांशी कशी बोलतात याचा प्रदीर्घ अभ्यास केला आहे. आई घडलेल्या प्रसंगाचे तपशील पुरवत, ‘मग तू काय केलेस’, ‘ते कुठे ठेवले होते’ असे नेमके प्रश्न विचारत बोलते तेव्हा मुलाची आठवण जुळवून सांगण्याची क्षमता अधिक भरीव होते, त्याची कथनाची भाषा वाढते, हे या अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. अशा बोलण्याला विस्तारक स्मरणसंवाद म्हणता येईल, म्हणजे झालेली गोष्ट दोघांनी मिळून, तिच्यात भर घालत, पुन्हा उभी करणे. आता जत्रेला किंवा मामाच्या गावाला आई स्वतः बरोबर असते, तेव्हा असा संवाद तिला आपोआप साधतो. बालवर्गात मात्र ती नसते. ताटात बटणे होती आणि मुलीने त्यांची वाटी बदलली हे तिला कोणीतरी सांगितल्याशिवाय ती ‘भोकांची बटणे कोणत्या वाटीत टाकलीस?’ असे विचारणार कशी? आणि तिने ते विचारले नाही तर मुलीला दिवसातील एक गोष्ट पुन्हा मनात आणून, क्रमाने लावून, शब्दांत मांडण्याची जी संधी मिळाली असती ती कोण देणार? शिक्षिकेने पाठवलेल्या दोन ओळी या अर्थाने वर्गातील धड्याचा राहिलेला अर्धा भाग असतात. त्या पाठवल्या नाहीत तर धडा अर्ध्यावर सुटतो.

‘पालकांना लिहिण्याशिवाय काही नको असते’ हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला जातो आणि तो घेणाऱ्यांमध्ये प्रामाणिक, कष्टाळू बालशिक्षिकाही असतात. त्यांना अनुभव येतो तो खोटा नाही. सीनिअर केजीत मुलाला शंभरपर्यंत आकडे लिहिता येत नाहीत म्हणून वडील रागावतात, शेजारच्या शाळेत दोन पाने गृहपाठ देतात म्हणून आई नाव काढून घेते, आणि संस्थेला पटसंख्या सांभाळायची असल्याने मुख्याध्यापिका बाईंना सांगते की, उद्यापासून गिरवायला द्या. पण हा आग्रह पालकांच्या मनात आला कुठून, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांपैकी फार थोडे जण विचारतात. बालवर्गातून घरी पोहोचणारी एकमेव वस्तू जर वही असेल, तर पालक मुलाची प्रगती वहीवरूनच मोजणार, दुसरे माप त्याच्या हाती आहेच कुठे? अक्षर काढण्याआधी बोटांच्या लहान स्नायूंना बळ यावे लागते, अंगठा आणि पहिली दोन बोटे यांची चिमूट जमावी लागते, मनगट वळावे लागते, डोळ्याने पाहिलेल्या वळणामागे हात जावा लागतो. मणी ओवणे, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत डाळ ओतणे, मातीच्या गोळ्या वळणे, कागद फाडून चिकटवणे, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणे यांतून हेच घडत असते आणि याला लेखनपूर्व तयारी म्हणतात. हे शिक्षिकेला तिच्या प्रशिक्षणात शिकवलेले असते. पालकाला ते कोणी, कधी, कोणत्या भाषेत सांगितले? त्याला न सांगता त्याने ते जाणावे अशी अपेक्षा करायची आणि त्याने ते जाणले नाही की अडाणीपणाचे खापर त्याच्याच माथ्यावर फोडायचे, याला न्याय म्हणता येत नाही.

धोरणांच्या पातळीवरही हेच झालेले आहे. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1993 मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ या आशयाचा अहवाल दिला आणि लहान वयात लादल्या जाणाऱ्या औपचारिक शिक्षणाविषयी सावध केले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला, म्हणजे बालवर्गाची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांना एकाच सलग टप्प्यात बसवले. त्यावर आधारित अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर 2022 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने खेळ हेच या टप्प्यातील शिकण्याचे मुख्य माध्यम ठरवले. तीस वर्षे हीच गोष्ट सरकारी कागदांवर लिहिली जात असताना शिक्षणाधिकाऱ्यांची शिबिरे झाली, शिक्षकांची प्रशिक्षणे झाली, पुस्तिका छापल्या गेल्या. या सगळ्या साखळीत शेवटची कडी पालक होता आणि त्याच्यापर्यंत हे पोहोचवण्याची जबाबदारी ज्याच्या-त्याच्यावर सोडून दिली गेली, म्हणजे कोणाचीच राहिली नाही. खेळातून शिकणे म्हणजे काय हे ज्याला दाखवले गेले नाही तो पालक गिरवण्याच्या वहीकडे वळला, तर त्यात आश्चर्य कसले? आणि शाळेने त्याच्या दबावापुढे मान तुकवून वही दिली की त्याची समजूत आणखी पक्की होते, तो पुढच्या वर्षी आणखी पाने मागतो, आणि मातीकामाची वेळ कापली जाते. हे चक्र पालकांमुळे फिरते असे म्हणणे सोपे आहे. ते शाळेच्या मौनामुळे फिरते, आणि थांबवणेही शाळेच्याच हाती आहे.

कमी शिकलेल्या पालकांना सांगून उपयोग नाही, हे मत तर महाराष्ट्रात तरी कोणी उच्चारू नये, कारण ते खोटे ठरवण्याचे काम याच मातीत झालेले आहे. ताराबाई मोडक (1892–1973) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम केले, 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले, आणि शहरातील मध्यमवर्गीय मुलांपुरते राहिलेले बालशिक्षण खेड्यातील गरिबांच्या मुलांपर्यंत न्यायचे म्हणून 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. तिथे त्यांच्यासोबत अनुताई वाघ (1910–1992) आल्या आणि पुढे 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर हलले. बालवाडी काढली तरी वस्तीतील मुले येत नाहीत हे दिसल्यावर, ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही’ असा निष्कर्ष काढून ताराबाई परत फिरल्या नाहीत. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनेच मुलांकडे जावे, असे ठरवून त्यांनी वर्ग वस्तीच्या अंगणात नेला, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे चरतात त्या कुरणातच शिकवणे सुरू केले. अंगणातल्या या वर्गाने मुलांच्या उपस्थितीचा प्रश्न सोडवला, पण तेवढेच केले नाही. तो वर्ग आयांच्या डोळ्यांसमोर भरत होता. कामाला निघालेली बाई जाता जाता पाहत होती, ओटीवर बसलेली म्हातारी गाणे ऐकत होती, पाणी भरून येणारी मुलगी घोळक्यात थांबत होती. पिशव्यांतली साधने, जंगलातून आणलेल्या बिया, पाने, दगड यांच्याशी मूल काय करते हे कोणी वेगळे समजावून सांगण्याआधीच कुटुंबाला दिसत होते. पन्नास-साठच्या दशकांत कधी शाळेचे तोंड न पाहिलेल्या वारली आयांना जे कळू शकत होते, ते आज मुंबई-पुण्याच्या चाळीतील, सातवी-दहावी झालेल्या आईला कळणार नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

ही केवळ कोसबादची गोष्ट नाही. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत, तेथील कुटुंबे ज्या इमारतीत राहत होती त्याच इमारतीत उघडले. त्याच्या नियमांमध्ये आयांनी आठवड्यातून निदान एकदा संचालिकेशी बोलावे, मुलाच्या घरच्या वागण्याची माहिती द्यावी आणि तिचा सल्ला घ्यावा अशी तरतूद होती. गिजुभाईंनी मुलांसाठी जितक्या तळमळीने लिहिले तितक्याच तळमळीने आईबापांसाठी लिहिले, आणि ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक पालक आणि शिक्षक या दोघांसाठी चालवले. ज्या माणसांनी बालशिक्षण नावाची गोष्ट उभी केली, त्यांच्यापैकी एकानेही पालकाला फाटकाबाहेर ठेवलेले नाही. मग त्यांचीच नावे पाटीवर, त्यांच्याच तसबिरी भिंतीवर आणि त्यांचीच साधने कपाटात ठेवणाऱ्या शाळांनी पालकाला फाटकाबाहेर ठेवण्याचा वारसा कोणाकडून घेतला?

शिवाय सांगणे एका दिशेने चालत नाही, आणि हे गरीब किंवा आदिवासी कुटुंबाच्या बाबतीत अधिकच खरे आहे. मेळघाटातील मूल घरी कोरकू बोलते, गडचिरोलीतील गोंडी किंवा माडिया बोलते, पालघरमधील वारली बोलते, आणि अंगणवाडीत आल्यावर त्याला प्रमाण मराठी ऐकू येते. ते गप्प बसले तर त्याला येत नाही असा शेरा बसतो. प्रत्यक्षात त्याला ती वस्तू माहीत असते, फक्त तिचे वर्गात चालणारे नाव माहीत नसते. कोणता शब्द घरात कशासाठी वापरतात हे त्याची आई सांगू शकते. पण ज्या आईला वर्गात काय चालले आहे ते कधीच सांगितले गेले नाही, ती आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे असे मानील तरी कशी? 2022 मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात वस्ती-वस्तीवर माता गट बांधले गेले आणि आयांना घरातल्या साध्या वस्तूंनी करायच्या कृतींची कार्डे दिली गेली, तेव्हा पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी आयांनी ते काम केले. आई हे करू शकते हे राज्याने स्वतः गृहीत धरून मोहीम आखली होती. मग उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांपुरते जे खरे मानले, ते वर्षभर खरे का मानायचे नाही?

शिकलेले पालक लुडबूड करतात या तक्रारीला इतके लांब उत्तर देण्याची गरज नाही. लुडबूड अर्धवट माहितीतून जन्मते. पूर्ण माहितीतून जन्मतो तो प्रश्न, आणि प्रश्नाला उत्तर देणे हा शिक्षिकेच्या व्यवसायाचा भाग आहे. इटलीतील रेज्जिओ एमिलिया या शहरातील बालशाळा आज जगभर पाहिल्या जातात, आणि त्यांची सुरुवातच पालकांनी केलेली आहे: 1945 मध्ये युद्ध संपल्यावर शहराजवळच्या एका खेड्यातील लोकांनी मागे राहिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून बालशाळा बांधायला घेतली, आणि लोरिस मालागुझी हे शिक्षक सायकलवरून ती पाहायला गेले ते त्या कामाचेच झाले. त्या शाळांमध्ये मुलांचे बोलणे, चित्रे, प्रयत्न आणि फसलेले प्रयत्नही शिक्षक नोंदवून भिंतीवर लावतात, म्हणजे येणारा-जाणारा पालक ते वाचू शकतो. तिथे पालकांनी वर्ग ताब्यात घेतला आणि शिक्षकांचे काही चालेनासे झाले, असे घडलेले नाही. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती नेमून तिच्यात तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. स्वतंत्र बालवर्ग आणि अंगणवाड्या त्या तरतुदीत येत नाहीत. म्हणजे मूल जितके लहान आणि स्वतःबद्दल सांगायला जितके असमर्थ, तितका त्याच्या पालकाचा शब्द कायद्यातही कमी. ही रचना ज्यांना खटकत नाही त्यांनी पालकांच्या लुडबुडीविषयी बोलू नये.

आता व्हॉट्सॲपच्या फोटोंकडे वळावे, कारण हल्ली याच फोटोंच्या आडोशाला बसून ‘आम्ही पालकांना सगळे कळवतो’ असे सांगितले जाते. रेड डे, यलो डे, फ्रूट डे, आजी-आजोबा दिन असा एखादा दिवस असतो. मुलांना सकाळी लाल कपडे घालून आणलेले असते, टेबलावर टोमॅटो, सफरचंद आणि लाल फुगे मांडलेले असतात, मुलांना ओळीत उभे करून ‘चीज’ म्हणायला लावले जाते आणि दुपारपर्यंत गटावर डझनावारी फोटो येतात. पालक त्यांतून आपले मूल शोधतो, त्यावर अंगठा दाखवतो आणि फोन ठेवतो. त्याला काय कळले? मूल हजर होते आणि त्याने लाल कपडे घातले होते, एवढेच. आणि ते कपडे पालकानेच घालून दिले असल्यामुळे तेही त्याला आधीच माहीत होते. लाल रंग ओळखणे आणि लाल-नारिंगी यांतला फरक सांगता येणे यांत मुलाने कुठवर मजल मारली, ते कोणाशेजारी बसले, फुगा फुटल्यावर घाबरलेल्या मैत्रिणीला त्याने काय म्हटले, यांतले काहीही त्या फोटोत नसते, कारण फोटोसाठी शिकणे थांबवलेले असते. शिक्षिकेचे हात कॅमेऱ्यात अडकलेले असताना मुलांकडे पाहायला तिला डोळे उरत नाहीत, ही हानी वेगळीच. काही खाजगी बालवर्ग तर वर्गातील कॅमेऱ्याचे चित्र फोनवर थेट दाखवण्याची सोय जाहिरातीत मिरवतात. पाळत ठेवणे आणि माहिती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्यांना समजावून सांगावे लागावे, ही खेदाची गोष्ट आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे, आणि शेकडो फोनांमध्ये साठून राहणारे तीन वर्षांच्या मुलांचे चेहरे हा त्या दृष्टीनेही गंभीर विचाराचा विषय आहे.

यातच आणखी एक दरी आहे, जी इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांनी महाराष्ट्रभर, तालुक्याच्या गावांपर्यंत नेलेली आहे. मुलाची डायरी इंग्रजीत, परिपत्रक इंग्रजीत, गटावरचा संदेश इंग्रजीत, आणि दुपारी मुलाला न्यायला येते आजी, जी वर्तमानपत्र मराठीत रोज वाचते पण डायरीतली ओळ वाचू शकत नाही. दिवसाचे सर्वांत जास्त तास जी व्यक्ती मुलाबरोबर घालवते तिच्यापर्यंतच वर्गातली गोष्ट पोहोचत नसेल, तर ते कळवणे कोणासाठी केले?

कळवणे म्हणजे काय असू शकते, याचे उदाहरण न्यूझीलंडमध्ये आहे. तेथील बालशिक्षणाच्या 1996 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने कुटुंब आणि समाज हे एक मूलतत्त्व मानले आणि मार्गारेट कार यांनी मांडलेली ‘शिकण्याच्या गोष्टी’ ही पद्धत तिथे रूढ झाली. तिच्यात शिक्षिका एका मुलाबद्दल, एका प्रसंगाबद्दल थोडक्यात लिहिते: काय घडले, त्यातून मुलाचे कोणते शिकणे दिसले, आणि पुढे काय करता येईल. याला यंत्रसामग्री लागत नाही. ‘आज मुलांनी ओल्या मातीच्या गोळ्या वळल्या. पहिल्या गोळ्या हातालाच चिकटत होत्या, मग काहींनी आपणहून कोरडी माती घालून पाहिली. घरी कणीक मळताना मुलाच्या हातात एक गोळा द्यावा आणि तो कधी चिकटतो, कधी तुटतो, हे त्याला विचारावे.’ फळ्याच्या कडेला, दाराजवळच्या तक्त्यावर किंवा फोनवरच्या आवाजी संदेशातून, साध्या मराठीत किंवा वस्तीच्या बोलीत एवढे सांगितले तर ज्याला वाचता येत नाही तोही ते ऐकू शकतो, आणि संध्याकाळी चुलीपुढे किंवा गॅसच्या ओट्यापाशी वर्ग पुढे चालू राहतो. फोटोंच्या ढिगाने जे साधत नाही ते या तीन वाक्यांनी साधते, आणि त्यांना फोटो काढून, निवडून, चढवण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

वेळेच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि या लेखात मान्य करण्याजोगी तेवढी एकच गोष्ट आहे. विशेषतः अंगणवाडी सेविकेवर कामाचा जो भार आहे तो पाहता तिला आणखी एक काम सांगणे क्रूरपणाचे वाटू शकते. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांमध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत तिच्याकडे सहा सेवा सोपवल्या गेल्या, आणि त्यांतील शाळापूर्व शिक्षण ही सेवा नेहमीच पूरक आहार, वजन-उंची, लसीकरण आणि सर्वेक्षण यांच्या मागे ढकलली गेली. तिला पगार नसून मानधन मिळते. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आले, आणि त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, कारण फोन नादुरुस्त होते आणि ॲप इंग्रजीत होते. पण याचा अर्थ नीट वाचला पाहिजे. सेविका दिवसभर माहितीच गोळा करत असते. फक्त ती माहिती वर जाते, पर्यवेक्षिकेकडे, प्रकल्प कार्यालयाकडे, मुंबईला, दिल्लीला. मुलाने आज कोणते गाणे म्हटले हे त्याच्या आईला सांगायला तिच्या दिवसात जागा ठेवलेली नाही, कारण त्याची नोंद कोणी मागत नाही. महिन्यातला एक दिवस बालशिक्षणासाठी आणि पालकांसाठी राखून ठेवण्याची तरतूद कागदावर आहे; तो दिवसही दुसऱ्या कामांच्या पोटात जातो. ही तक्रार सेविकेविरुद्ध नाही, तिच्या कामाची मांडणी करणाऱ्यांविरुद्ध आहे. खाजगी बालवर्गांना मात्र ही सबब उपलब्ध नाही. गॅदरिंगच्या तालमींसाठी, त्याच्या पोशाखांसाठी आणि स्पर्धांसाठी ज्यांना आठवडेच्या आठवडे सापडतात, त्यांना आठवड्यातून एकदा प्रत्येक घरासाठी चार वाक्ये सापडत नाहीत, हे कोणी मानावे?

वेळ नाही म्हणून हे काम सोडून द्यायचे की ते कामाच्या वेळेत बसवायचे, हाच यातला खरा प्रश्न आहे, आणि त्याला दोन उत्तरे असू शकत नाहीत. वर्गाची तयारी हे काम आहे, मुलांचे निरीक्षण हे काम आहे. तसेच पाहिलेले कुटुंबाला सांगणे हेही काम आहे, आणि ते शिक्षिकेच्या सेवाशर्तींत, सेविकेच्या मानधनाच्या हिशोबात, पर्यवेक्षिकेच्या तपासणीत आणि शाळेच्या वेळापत्रकात काम म्हणूनच आले पाहिजे. 2020 च्या धोरणाने जे समग्र प्रगतिपत्रक सुचवले आहे ते घर आणि शाळा यांच्यातला दुवा ठरावे असे त्या धोरणातच म्हटले आहे. तो दुवा वर्षातून दोनदा, सही घेऊन परत करायच्या कार्डाने जोडला जाणार नाही. आठवड्याला निदान एकदा, घरात ज्या भाषेत बोलले जाते त्या भाषेत, मुलाला जो आणायला येतो त्याच्या कानावर पडेल अशा रीतीने, वर्गात घडलेली एक खरी गोष्ट आणि तिचा अर्थ प्रत्येक घरी पोहोचला पाहिजे. आणि महिन्यातून एक सकाळ अशी असली पाहिजे की जिच्यात आई, वडील, आजी, आजोबा यांच्यापैकी ज्याला जमेल तो फाटक ओलांडून आत येईल, मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसेल आणि ताटातली बटणे, चिंचोके, शिंपले स्वतःच्या हातांनी वेगळे करून पाहील. एवढेही ज्या बालवर्गाला जड वाटते, त्याने पालक लिहिण्याच्या मागे लागतात ही तक्रार करण्याचा हक्क गमावलेला आहे.